बाटलीतल्या सात्या

मु. चिंचखेड, पोस्ट हिवरखेड,
जि. अकोला.
दि. १७ ऑगस्ट १९६३, शनिवार

आदरणीय जानराव भाऊजींस,

देवमनचा सविनय जयभीम. (आमच्या आजोबांना पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यावे लागे. लिहिणारा दंडवत आणि साष्टांग नमस्कार लिहितानाच थकून जाई आणि मुख्य मजकूर राहून जाई. आपल्या पिढीचे बरे आहे, मायना एका शब्दात आटोपतो आणि थकायला मजकूर शिल्लक राहतो.) आपली प्रकृती कशी आहे? सुंदराताईचे गुडघे कसे आहेत? अमरावतीच्या दवाखान्याच्या खिडकीवर बसून दिवसभर लोकांच्या दुखण्यांच्या चिठ्ठ्या फाडणाऱ्या माणसाला प्रकृती विचारताना जरा संकोच वाटतो, पण विचारली नाही तर आई म्हणेल की पोरगा मास्तर झाला आणि रीत विसरला. इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे आज आहे. परवा नव्हते. तीच हकिकत कळवण्यासाठी हे पत्र.

पत्र मी ओसरीवर बसून लिहीत आहे आणि आई समोर ज्वारी पाखडत बसली आहे. लिहून झाले की सगळे तिला वाचून दाखवायचे, हा तिचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. तिला अक्षर येत नाही, पण मी वाचताना एखादी ओळ गाळली तर सूप थांबते. तेव्हा खालील मजकूर आईच्या देखरेखीखालचा आणि म्हणून संपूर्ण खरा आहे असे समजावे.

तर गोष्ट सात्यांची. (शाळेच्या पुस्तकात ज्यांना अळंबी म्हणतात त्याच. पण अळंबी म्हटले तर चिंचखेडात कोणाच्या तोंडाला पाणी सुटत नाही.) श्रावणात दोन दिवस ढग गडगडले की तिसऱ्या दिवशी पहाटे आई टोपले घेऊन डोंगराच्या पायथ्याकडे निघते आणि उन्हं वर येईपर्यंत टोपलेभर सात्या घेऊन परत येते, हे तुम्ही सासुरवाडीला आला असताना पाहिलेच आहे. ती त्या कोणत्या वारुळावरून आणते हे आजवर कोणाला कळलेले नाही. बाबा तर तीस वर्षांचा संसार करून हे न कळताच गेले. मी लहानपणी एकदा तिच्यामागे लपतछपत गेलो होतो. तिने मला तासभर काट्याकुट्यांतून फिरवून खुशालरावांच्या विहिरीपाशी आणून सोडले आणि म्हणाली, “आता आलाच आहे त पाणी पाहून घे, पिऊ देनार नाईत.” असा तिचा स्वभाव.

खुशालराव म्हणजे आमचे सरपंच. माणूस वाईट नाही. गावात शाळेला जागा त्यांनीच दिली. पण त्यांच्या घरी आमच्या हातचे पाणी चालत नाही, ही जुनी गोष्ट अजून जुनी झालेली नव्हती. सात्या मात्र चालत. आई दरवर्षी एक शेर सात्या त्यांच्या ओट्याच्या कोपऱ्यावर ठेवून येई आणि त्या आत जात. (सात्यांना विटाळ नसतो असे दिसते. थेट जमिनीतून वर येतात, कोणाच्या घरातून येत नाहीत म्हणून असेल. किंवा चवीला फार चांगल्या लागतात म्हणून असेल. मी दुसऱ्या कारणाकडे झुकतो.)

यंदा जुलैअखेर ब्लॉकच्या ग्रामसेविकाबाई गावात आल्या आणि मास्तर म्हणून माझ्या हातात त्यांनी एक पुस्तिका दिली. ‘भाजीपाला टिकवा.’ तीत प्रत्येक भाजी वर्षभर कशी टिकवावी हे लिहिले होते. ज्या घरात भाजी संध्याकाळपर्यंत टिकत नाही, कारण ती दुपारीच संपते, अशा घरासाठी काय करावे ते मात्र लिहिलेले नव्हते. पण मला पुस्तिका एकदम पटली. (छापलेले मला लवकर पटते. आई म्हणते हा माझ्यातला एकुलता एक दोष आहे, आणि मग बाकीचे सांगते.) सात्या चार दिवसांच्या पाहुण्या. त्या माघ महिन्यात ताटात पडल्या तर काय बहार येईल, या विचाराने मी एक आख्खे टोपले आईकडून मागून घेतले. ते तिने कसे दिले याचे वर्णन ती समोर असल्यामुळे करत नाही.

अर्ध्या सात्या सुईदोऱ्यात ओवून त्यांच्या माळा केल्या. त्या चुलीवर टांगल्या तर केशर म्हणाली (बायकोला तेवढा हक्क असतो) की घरात धुरी घातल्यासारखे वाटते. म्हणून ऊन पडल्याचे पाहून शाळेच्या पत्र्यावर नेऊन पसरल्या. चौथीचा भागाकार शिकवून बाहेर येतो तो तानुबाईची शेळी ढिगाऱ्यावरून पत्र्यावर चढलेली आणि एक माळ दोऱ्यासकट तिच्या पोटात. शेळीला काही झाले नाही. पुढे जो प्रकार घडला त्यात तिची साक्ष फार मोलाची ठरली असती, पण शेळीला कोणी विचारले नाही.

उरलेल्या अर्ध्या सात्या बाटल्यांत भरायच्या ठरवल्या. पुस्तिकेत रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या सांगितल्या होत्या. आमच्याकडे चार बाटल्या होत्या, औषधाच्या, अरुंद तोंडाच्या. पुस्तिकेत शिरका, म्हणजे व्हिनेगर, सांगितला होता. हिवरखेडच्या दुकानदाराने शिरका हे कोणाचे आडनाव आहे असे विचारले. मग मी लिंबाचा रस आणि मीठ यांवर भागवले. बाटल्या उकळल्या, सात्या उकळल्या आणि उलथन्याच्या दांडीने एकेक सात्या बाटलीत ढकलली. (आत ढकलणे सोपे असते. बाहेर काढण्याचा विचार पुस्तिकेने केला नव्हता आणि मीही नाही.) एका बाटलीवर ‘हलवून घ्यावे, दिवसातून तीन वेळा’ अशी चिठ्ठी अजून होती, ती तशीच राहू दिली. सहाव्या दिवशी त्याच बाटलीचे बूच फाटकन उडून आढ्याला लागले. आई चुलीपाशी होती, तिने मान वर केली आणि एवढेच म्हणाली, “पाह्य बापा, तुयी भाजी जिती होऊन राहिली.”

इकडे ग्रामसेविकाबाईंनी पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर, दुपारी, शाळेत या विषयावर प्रात्यक्षिक ठेवले. अध्यक्ष सरपंच. तेरा तारखेला मी त्यांना सांगायला गेलो, तेव्हा खुशालराव ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. ते म्हणाले, “मास्तर, यंदा तुमच्या मायच्या सात्या आमच्याकडं नाई आल्या. काहून जी?”

खरे म्हणजे यंदा आई सात्या कमीच आणत होती, आणि त्यातल्या एका टोपल्यावर मी पुस्तिका चालवली होती. पण माझ्या तोंडून भलतेच गेले. मी म्हणालो, “दादा, यंदा आमच्या घरी येऊन खा.”

भाऊजी, तोंडून शब्द गेला तो गेलाच. ओट्यावर पुंजाजी होता, खुशालरावांचा चुलतभाऊ. त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्यांची विहीरच मागितली. खुशालरावांनी हातातली सुपारी संपेपर्यंत कातरली, अडकित्ता पुसला आणि म्हणाले, “येतो मंग. झेंडा झाल्यावर.”

ही बातमी माझ्या आधी घरी पोचली. केशरने दोन दिवसांत तीनदा घर सारवले. मी भिंतीवरचे कॅलेंडर सरळ केले.  पंधरा तारखेला पहाटे भुरभुर पावसात आई टोपले घेऊन निघाली आणि काठोकाठ भरून आणले. म्हणाली, “त्यानं खाल्ल्या पायजे. पोटभर.” केशरने लसूण आणि तिखट घालून मोठे पातेले चढवले. आणि मी (कोणी सांगितले होते?) दुपारच्या सभेची वाट न पाहता त्या पातेल्यात माझी एक बाटली ओतली. प्रात्यक्षिकाच्या वेळी अध्यक्षांनीच सांगावे की बाटलीतली सात्या आणि ताजी सात्या यांत फरक लागत नाही, असा माझा बेत होता.

खुशालराव आले. आमच्या ताटात जेवले. आमच्या माठातले पाणी प्याले. तीन वेळा भाजी घेतली आणि तिसऱ्या वेळी आईला म्हणाले, “मनकर्णाबाई, कोपऱ्यावर ठेवलेल्या अन् इथल्या, चव येगळी लागते व.” आई दाराआड उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. मी डोळे पुसायला मान वळवली. (तिखटही जरा जास्त होते.) जेवायला आम्ही दोघेच. पातेले आम्ही असे पुसून खाल्ले की बायकांच्या वाट्याला चटणी-भाकरच आली. ग्रामसेविकाबाईंना आग्रह केला होता, पण त्यांचा गुरुवार होता. गुरुवार करण्याचा एवढा ताबडतोब फायदा झालेला मी पहिल्यांदा पाहिला.

अडीच वाजता सभा सुरू झाली. बाई ‘अन्न टिकवणे’ या विषयावर बोलू लागल्या, आणि त्याच वेळी आमच्या पोटातले अन्न टिकेनासे झाले. आधी अध्यक्षांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे पाहिले, आणि आम्ही दोघे एकदम उठलो. लोकांना वाटले हार आणायला चालले. शाळेमागच्या बाभळीखाली सरपंच आणि मास्तर शेजारी शेजारी ओणवे होऊन ओकले. घटनेच्या सतराव्या कलमाला तेरा वर्षांत जी समता आमच्या गावात आणता आली नाही, ती त्या बाभळीखाली पाव तासात आली. कोण कोणाचा खांदा धरून उभा आहे हे आम्हालाही कळत नव्हते.

मग खुशालरावांचीच बैलगाडी जुंपली आणि दोघांना तिच्यात आडवे घालून हिवरखेडच्या दवाखान्यात नेले. गाडी एक, गोधडी एक. वाटेत दर अर्ध्या मैलावर गाडी थांबे. एकदा ते उतरत, एकदा मी. दोन फर्लांग शांत गेले तेव्हा ते क्षीण आवाजात म्हणाले, “मास्तर, खरं सांग. काय टाकलं होतं?” मी म्हटले, “दादा, मीही खाल्लंच ना.” ते म्हणाले, “म्हणून त इचारून राहिलो. नाईतर सरळ पोलिसांत गेलो असतो.” डॉक्टरांनी सुया टोचल्या, मीठ-साखरेचे पाणी पाजले आणि एवढ्यावर निभावले म्हणून नशीब समजा असे बजावले. दिवेलागणीपर्यंत आम्ही परत आलो.

आता भाऊजी, विनोद बाजूला ठेवून सांगतो, दुसऱ्या दिवशी सकाळी खुशालरावांच्या ओट्याकडे जाताना माझे पाय ओकून थकले होते म्हणून जड नव्हते. पहिल्यांदाच कोणी मोठा माणूस आमच्या ताटात जेवला आणि मरता मरता वाचला. आता पुढची पन्नास वर्षे गावात हेच सांगितले जाणार. ओट्यावर दहाबारा माणसे जमलेली, खुशालराव मध्ये लोडाला टेकलेले. मी जवळ गेलो तसा पुंजाजी मोठ्याने म्हणाला, “समजलं का आता? आपले म्हातारे त्यायच्या घरचं काहून नोते खात?”

मी म्हणालो, “घराला बोल लावू नका. आईच्या सात्या ताज्या होत्या. मी त्यात माझी बाटली ओतली. बाटली नासली होती. दोष माझा.”

 खुशालराव लोडावरून जरा उठले. “ऐकलं का पुंजाजी? बाटलीनं झालं. बाटलीपाई तू किती खेपा ओकला याच ओट्यावर? तवा तुया घरचं जेवन आमी बंद केलं का?”

ओटा असा हसला की समोरच्या लिंबावरचे कावळे उडाले. पुंजाजी चहा सांगायच्या निमित्ताने आत गेला. मग खुशालराव मला म्हणाले, “मास्तर, तू शिकवाचं काम कर. सात्या मनकर्णाबाईवर सोड. चाळीस वर्सं झाली, तिच्या हातच्या सात्यानं कोनाचं पोट दुखलं नाई.” दुपारी त्यांच्या रुख्मिणीबाईंनी पितळी तांब्यात ताक पाठवले. तांब्या अजून आमच्याकडेच आहे. परत न्यायला कोणी आलेले नाही. हा मनाचा मोठेपणा आहे की तांब्या आता आमच्यातच गणला गेला आहे, हे कळायला मार्ग नाही. केशर तो रोज घासून ठेवते.

ग्रामसेविकाबाईंनी मात्र ब्लॉकला अहवाल पाठवला: ‘प्रात्यक्षिक यशस्वी. उपस्थिती समाधानकारक. अध्यक्ष अल्पकाळ उपस्थित.’ मी उरलेल्या बाटल्यांची वासलात लावली आहे आणि पुस्तिका मांडणीच्या वरच्या फळीवर ठेवली आहे. तिचे एक पान केशरने भज्यांखाली घातले, तर भजी टिकली नाहीत. असो.

सुंदराताईस जयभीम. मुलांस आशीर्वाद. लोभ आहेच, तो पातेल्यातल्या भाजीसारखा पुसून संपवू नये ही विनंती.

आपला,
देवमन

ता. क. १. हे आईने सांगितले म्हणून शब्दशः लिहीत आहे. “जवाईबापूले सांग, दुकानातली बाटलीतली कोनतीच चीज खाऊ नका. औषधसुद्धा पाहून घ्या. देवमन लहानपनापासून असाच आहे, सरळ गोष्टीत हात घालून वाकडी करते. सात्या म्या आनल्या होत्या त्या दुधासारख्या होत्या. सुंदरासाठी वाळलेली माळ पाठवून राहिली, तिले म्हनाव रातभर पान्यात भिजू घाल.” सगळे पत्र वाचून दाखवले. सूप एकदाही थांबले नाही.

ता. क. २. सोमवार, हिवरखेड पोस्ट ऑफिस. आता आई समोर नाही, पोस्टमास्तरांची दौत समोर आहे. भाऊजी, वरचे सगळे घडले तसेच घडले, फक्त दोष बाटलीचा नव्हता. त्या संध्याकाळी दवाखान्यातून आलो तेव्हा टोपल्यात पहाटेच्या पाच-सहा सात्या उरलेल्या होत्या. दारातल्या उजेडात मी एक उलटी करून पाहिली. छत्रीखालच्या पाकळ्या हिरवट होत्या, शेवाळासारख्या, आणि सात्यांना वारुळात खोल जाणारे लांब मूळ असते ते नव्हते. गवतातल्या विषारी छत्र्या होत्या त्या. हा फरक मला आईनेच पाचव्या वर्षी शिकवला, म्हणून तिचे टोपले घरात कधी कोणी तपासत नाही. मी ती तिच्या हातात दिली आणि विचारले, “आई, याचा रंग कसा आहे?” तिने अगदी नाकाशी धरली आणि म्हणाली, “दुधासारखा. तुले दिसत नाई का?” मी म्हटले, दिसतो. मग त्या सगळ्या उकिरड्यामागे खड्डा करून पुरल्या. केशरला माहीत आहे. तिसरे तुम्ही.

मोतीबिंदू असावा. दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांवर साय आल्यासारखी दिसते. विषय काढला की ती म्हणते, माझे डोळे शाबूत आहेत, तुझी अक्कल तपासून घे. गावाने तिला नाव ठेवू नये म्हणून मी बाटलीला नाव ठेवले, ते ठीकच झाले. पण पुढल्या टोपल्याला मी बाटली कुठून आणू? तेव्हा मुख्य विनंती अशी: तुमच्या दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून तिच्यासाठी खाट ठरवा, आणि मला दोन पत्रे टाका. एक शाळेच्या पत्त्यावर, खरे. दुसरे घरी, वाचून दाखवण्यासारखे. त्यात लिहा की दवाखान्याच्या आवारात ढिगाने सात्या उगवल्या आहेत, अमरावतीत कोणाला चांगल्या-वाईट ओळखता येत नाहीत आणि रोगी खाऊन बसतील अशी भीती आहे. ती दुसऱ्या दिवशी एस.टी.त बसेल. पाऊस आहे तोवरच हे जमेल. पुढे कोणती थाप मारायची हे मला सुचत नाही.

माळेची काळजी करू नका. ती शेळीने तपासलेल्या टोपल्यातली आहे, शिवाय एकूणएक सात्या मी उलटून पाहिली. आणि एक गोष्ट आयुष्यात कोणाला सांगता येणार नाही म्हणून तुम्हाला सांगतो. शेवटची बाटली मी शनिवारी शाळा सुटल्यावर दार लावून, सायकलच्या स्पोकने एकेक सात्या काढत संपवली. फार उत्तम टिकल्या होत्या.

ता. क. ३. पाकीट चिकटवता चिकटवता लिहितो. काल आई पुन्हा डोंगराकडे गेली, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिने कोणाला तरी बरोबर नेले. केशरला. म्हणाली, दुसरे टोपले धरायला पाहिजे. आई खुडायची आणि केशरच्या टोपल्यात टाकायची. केशर मागून चालताना प्रत्येक सात्या उलटून बघायची आणि हिरवट असली की हळूच गवतात सोडून द्यायची. घरी आल्यावर आईने टोपल्यात हात घालून अंदाज घेतला. भरायला हवे होते त्याच्या अर्धेच होते. ती बराच वेळ टोपल्याच्या बुडाशी बोटे फिरवत बसली. टोपले कोरे आहे, मागच्या बाजारात घेतलेले. मग म्हणाली, “केशर, तुया टोपल्याले भोक पडलं व.” केशर घाबरून म्हणाली, “हो आई, बुजवून टाकतो.”

“नको,” आई म्हणाली. “राहू दे तसंच.”